दृष्टीआड हिरा

मराठी माणूस खरेदीला निघाला की त्याच्या आधी त्याचे हात निघतात. वांगं दाबून बघायचं, भेंडीचं टोक मोडून बघायचं, नारळ कानाशी हलवायचा, कलिंगडावर टिचकी मारून डॉक्टरी चेहरा करायचा आणि हापूसच्या पेटीत तर सरळ नाक खुपसायचं. समोरचा विक्रेता आईची शपथ घेऊन 'गोड आहे' म्हणत असतो, पण आपल्या अंगठ्याच्या साक्षीपुढं त्याची आई टिकत नाही. दहा रुपयांच्या लिंबांवर चौकशी समिती नेमणाऱ्या या समाजातली तरुण पिढी आता रात्री साडेअकराला गादीवर आडवी पडून, एका हातानं चिवडा खात, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं हिरा विकत घेते. तो तिनं पाहिलेला नसतो, हाताळलेला नसतो. टिचकी मारावी तर फोनच्या काचेला तडा जायचा.

आमच्या घराण्यात ही क्रांती मावशीच्या कुर्ल्याच्या घरी व्हिडिओ कॉलवरून आली. मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. त्यानं एका रविवारी सांगितलं की साखरपुड्याची अंगठी ऑनलाइन मागवली आहे, हिऱ्याची.

"दुकान कुठं आहे?" मावशीनं विचारलं.

"दुकान नाही गं आई, वेबसाइट आहे."

"बरं. मालक कोण?"

"तसा मालक दिसत नाही."

"मग पैसे कोणाला दिलेस?"

"कार्डानं दिले."

"कार्डानं दिलेस, पण घेतले कोणी? आणि उद्या त्यांनी काच पाठवली तर भांडायचं कोणाशी?"

"चॅटवर बोलता येतं. बॉट असतो."

मावशीनं फोन माझ्याकडं दिला. ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्याशी व्यवहार करू नये, हे तिचं अर्थशास्त्र आहे. तिचा सराफ पिढीजात. पांढऱ्या गादीवर बसतो, चहा मागवतो आणि "वहिनी, तुमच्या सासूबाईंच्या पाटल्या माझ्या वडिलांनी घडवल्या" असं सांगून घडणावळ कमी करायचं टाळतो. त्याच्याशी चाळीस वर्षं भांडून तिनं जो विश्वास कमावला, तो 'बाय नाऊ' या एका बटणात कसा मावणार?

पण मावशीच्या शंकेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी की दुकानात गेल्यावर हिरा दिसतो. मी अशा दुकानांत पाहुणा म्हणून, साक्षीदार म्हणून, पिशव्या धरायला म्हणून गेलेलो आहे. तिथं छतातून इतके दिवे रोखलेले असतात की त्या झोतात आपलं नखसुद्धा चमकतं. तुम्ही 'जरा बघू' म्हणालात की सराफ अत्यंत अदबीनं दहापट दाखवणारं भिंग तुमच्या हातात देतो. ते डोळ्याला चिकटवून हिरा इंचभर अंतरावर आणायचा असतो, हे त्याला माहीत असतं आणि तुम्हाला नसतं. तुम्ही भिंग हातभर लांब धरता. आधी सराफाची अंगठी दिसते, मग अंधार. बायको विचारते, "कसा आहे?" तुम्ही भिंग खाली ठेवून गंभीरपणे म्हणता, "पाणीदार आहे." भिंग परत करताना सराफ मान डोलावतो. त्याच्या दुकानात आजवर एकाही गिऱ्हाइकानं 'मला काही दिसलं नाही' असं म्हटलेलं नसतं.

म्हणजे समोर ठेवलेला हिरासुद्धा आपण पाहत नाहीच. आपण पाहतो सराफाचा चेहरा, चहाचा कप आणि शेवटी कागद. त्या कागदावर हिऱ्याची जन्मकुंडली असते, आणि ती वाचायला ज्योतिषी लागावा अशीच केलेली असते.

पहिलं घर वजनाचं. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. मावशीला वजन तोळ्यात कळतं. आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्यात ५० कॅरट बसतात हे ऐकून तिनं मुलाला विचारलं, "तुझा केवढा?" तो म्हणाला, "०.९." मावशीनं ऐकल्यासारखं केलं आणि विषय बदलला, कारण जावयांच्या आणि सुनांच्या बाबतीत अपूर्णांक चारचौघांत बोलायचे नसतात. वास्तविक त्या पोरानं इथं हुशारी केली होती. बाकीचा बाजार ९९९ रुपयांचं लेबल लावून गिऱ्हाइकाला गंडवतो. हिऱ्याच्या बाजारात गंमत उलटी आहे. पूर्ण एक कॅरटची रेघ ओलांडली की दर एकदम उडी मारतो, आणि रेघेच्या किंचित अलीकडचा हिरा बोटावर तेवढाच दिसून खिशाला बराच हलका पडतो. ज्यांना आकड्याचा रुबाब हवा ते रेघेपलीकडं जातात. ज्यांना हिरा हवा ते अलीकडं थांबतात.

दुसरं घर रंगाचं. रंग नसणं हा इथं सर्वांत उत्तम रंग. अमेरिकेतल्या जीआयए या रत्नपरीक्षण संस्थेनं लावलेली श्रेणी डीपासून झेडपर्यंत जाते, आणि त्यात डी सर्वोत्तम. ए, बी, सी का नाहीत? तर बाजारात आधीच जो तो आपापल्या मालावर ए आणि डबल ए लावून मोकळा झाला होता. त्या गोतावळ्याशी संबंध नको म्हणून संस्थेनं सुरुवातच डीपासून केली. मुलाला डी ग्रेड मिळाली म्हणून शाळेत जाऊन रडलेल्या आयांना, सुनेच्या अंगठीला डी मिळाली की पेढे वाटावे लागतात, ते यामुळं.

तिसरं घर शुद्धतेचं, आणि हे मला सर्वांत आवडतं. हिऱ्याच्या पोटात जन्मतःच बारीक रेषा, ठिपके, ढग असतात. ते किती आणि कुठं यावर त्याला व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय अशा पायऱ्या मिळतात. यातल्या व्हीव्हीएस पायरीचा अर्थ असा की दहापट भिंगातून बघणाऱ्या कसलेल्या पारख्यालाही दोष सापडता सापडत नाही. खालच्या व्हीएसमधले दोषही नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीतच. तरीही लोक व्हीएसवरून व्हीव्हीएसवर जातात आणि वरचे पैसे मोजतात. कशाचे? जे असतं तरी दिसलं नसतं, ते नसण्याचे. एवढी निर्गुण खरेदी पंढरपुरातही होत नाही. जी वस्तू घेताना मुळात न दिसणाऱ्या गोष्टींचेच पैसे द्यायचे, ती वस्तू न बघता घेतली तर बिघडलं कुठं?

उलट ऑनलाइनवाल्यांनी दाखवण्याचा अतिरेक केलेला आहे. हिरा पडद्यावर गोल गोल फिरतो, आणि पाव इंचाचा दगड चाळीसपट मोठा होऊन अख्खा लॅपटॉप व्यापतो. गोल हिऱ्याचे ५७ पैलू एकेक करून मोजता येतात, आणि त्यांच्यामध्ये एक काळा ठिपकाही दिसतो. दुकानातल्या भिंगातून जो जन्मात दिसला नसता, तो ठिपका आता माशीएवढा होऊन पडद्यावर बसलेला असतो. मावसभावानं त्या ठिपक्याचे फोटो मला पाठवले, नियोजित वधूला पाठवले, आणि ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला पाठवले, ज्याचा हिऱ्यांशी संबंध एवढाच की तो सुरतेचा होता. सुरतेकरानं उत्तर पाठवलं, "घे. ठिपका कोंदणाच्या दाताखाली जाईल." हजारो मैलांवरच्या गावाचा पत्ता एवढा कामाला आलेला मी दुसरा पाहिला नाही.

आता ज्या कोणा अमेरिकनांनी हा धंदा शिकवला म्हणून आपण नावं ठेवतो, त्यांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९९८ च्या सुमारास मार्क व्हेडन नावाचा एक तरुण सल्लागार साखरपुड्याच्या अंगठीसाठी दागिन्यांच्या दुकानात गेला. तिथं दोन हिऱ्यांतला फरक त्याला कोणी नीट समजावून सांगेना. वैतागून त्यानं इंटरनेट धुंडाळलं तेव्हा सिअॅटलच्या एका सराफाची वेबसाइट सापडली. तिथून त्यानं अंगठी घेतली, आणि ती एवढी पटली की पाठोपाठ तो धंदाच विकत घेतला. पुढं त्याचीच ब्लू नाइल ही ऑनलाइन हिरे विकणारी कंपनी झाली. आपल्याकडं गिऱ्हाईक फार खूश झालं तर सराफाकडून एक कॅलेंडर आणि एक कापडी पिशवी जास्त मागून घेतं.

या धंद्याची खरी गोम अशी की अशा साइटवर जे हजारो हिरे दिसतात, त्यांतले बहुतेक साइटच्या तिजोरीत नसतातच. ते असतात देशोदेशीच्या व्यापाऱ्यांकडं. तुम्ही पैसे भरलेत की साइट व्यापाऱ्याकडून हिरा घेते आणि तुमच्याकडं धाडते. थोडक्यात, विकणाऱ्यानंही तो पाहिलेला नसतो. दोन्ही बाजू समान आंधळ्या, त्यामुळं व्यवहार निःपक्षपाती होतो.

आणि जगातल्या दर दहा हिऱ्यांतल्या सुमारे नऊंना पैलू पडतात भारतात, त्यातही मुख्यतः सुरतेला. तेव्हा मावसभावाच्या ऑर्डरवर 'हिरा सध्या मुंबई येथे' असं उमटलं यात नवल नव्हतं. व्यापारी वांद्रे-कुर्ला संकुलातला निघाला.

मावशी उसळलीच. "बीकेसी? अरे, कुर्ला स्टेशनच्या रिक्षाच्या रांगेत उभं राहिलं की तिथंच जाते ना रिक्षा! मी जाऊन बघून आले असते!"

तिला कोणी आत घेतलं नसतं, हा भाग वेगळा. २०१० साली बीकेसीत भारत डायमंड बोर्स सुरू झाली तेव्हापासून तिथला पहारा विमानतळाच्या तोंडात मारणारा आहे, आणि तिथं घाऊक व्यापार चालतो, कुर्ल्याच्या मातोश्रींच्या तपासणीची सोय नाही. त्याआधी हा व्यापार ऑपेरा हाउसच्या पंचरत्न इमारतीत आणि तिच्या आसपासच्या फुटपाथवर चालायचा. पांढऱ्या कागदाची पुडी खिशातून निघायची, उघडायची, मिटायची आणि लाखांचा सौदा तोंडी ठरायचा. सुरत-मुंबई रेल्वेतून अंगडिये अंगावरच्या पिशवीत कोट्यवधींचा माल ने-आण करायचे, आजही करतात. माल जांगड म्हणून न्यायचा, बघायचा, नको असेल तर परत द्यायचा, ही रीत या व्यापारात फार जुनी आहे. मात्र एक लक्षात ठेवण्यासारखं आहे. हे व्यापारी विश्वास ठेवतात तो एकमेकांवर, हिऱ्यावर नाही. ते पुडी उघडून बघतातच.

साइटवरचं 'तीस दिवसांत परत' म्हणजे तरी दुसरं काय आहे? आमच्या जुन्या सराफांकडंही ही सोय होतीच, फक्त कारण वेगळं असायचं. हिरा शुक्राचं रत्न. लाभेल की नाही हे बघायला तो काही दिवस घरी ठेवायचा, रात्री उशाखाली घ्यायचा. वाईट स्वप्न पडलं तर परत. त्या काळात किती हिरे शुक्रामुळं परत गेले आणि किती हप्ता जमला नाही म्हणून, याचा हिशेब सराफांनी सभ्यपणे ठेवला नाही.

न बघता हिरा घेण्याचा आणि परत करण्याचा खरा विक्रम मात्र आपल्याच दख्खनमध्ये झालेला आहे. सहावा निजाम मीर महबूब अली खान, ज्याच्या राज्यात तेव्हा मराठवाडाही होता, त्याच्यापुढं १८९१ साली अलेक्झांडर जेकब नावाच्या सिमल्याच्या रत्नव्यापाऱ्यानं एका प्रचंड हिऱ्याचा प्रस्ताव ठेवला. निजामानं पाहिली ती प्रतिकृती. खरा हिरा होता इंग्लंडात. सौदा ठरला ४६ लाखांना आणि निम्मी रक्कम, २३ लाख, आगाऊ जमा झाली. मग खरा हिरा आला. निजामानं तो पाहिला आणि कळवलं, पसंत नाही. झालं! आगाऊ रक्कम परत द्यायची की नाही यावरून प्रकरण कलकत्त्याच्या हायकोर्टात गेलं. जेकब निर्दोष सुटला, पण त्या खटल्यात धुऊन निघाला. हिरा शेवटी निजामाच्याच गळ्यात पडला, आणि त्याचं निजामाला एवढं वावडं झालं की महबूब अलींच्या मागं तो त्यांच्या मुलाला म्हणे जुन्या जोड्याच्या टोकात सापडला. मुलगा, म्हणजे शेवटचा निजाम उस्मान अली, जगातल्या श्रीमंतांत गणला जाणारा आणि तितकाच काटकसरी. त्यानं तो कागदांवर वजन म्हणून ठेवला. सुमारे १८५ कॅरटचा तो जेकब हिरा १९९५ साली निजामाच्या इतर जडजवाहिरासह भारत सरकारनं घेतला.

या हकिगतीचं तात्पर्य लोक 'न बघता हिरा घेऊ नये' असं काढतात. मला ते पटत नाही. प्रतिकृती बघेपर्यंत निजामाचं सारं सुरळीत चाललं होतं. घोटाळा झाला तो खरा हिरा बघितल्यावर.

पार्सल आलं तेव्हा मावसभाऊ व्हिडिओ कॉल लावूनच बसला होता. सही करून घेतलेला खोका, खोक्यात खोका, त्यात डबी, डबीत मखमल आणि मखमलीत अंगठी. मावशीनं इकडून परीक्षेला सुरुवात केली.

"त्याच्यावर हाऽ कर. वाफ टिकते का बघ."

टिकली नाही. खऱ्या हिऱ्यावर ती लगेच विरते, कारण उष्णता वाहून नेण्यात हिऱ्याचा हात धरणारं फारसं काही नाही. मावशी जराशी निराश झाली.

"आता ऐरणीवर ठेवून घाव घाल. खरा असेल तर फुटायचा नाही."

"आई, फुटेल! हिरा कठीण असतो म्हणजे त्याच्यावर ओरखडा पडत नाही. हातोडा बसला तर खराही फुटतो."

"म्हणजे खरा आहे का हे कळायला फोडायचा, आणि फुटला तरी खराच? असला कसला पदार्थ घेतलास?"

मग तिनं हुकमी पान टाकलं. "खाणीतला आहे की कारखान्यातला?"

हा प्रश्न आता कुर्ल्यापर्यंत पोहोचलेला आहे. कारखान्यात हिरा करण्याची किमया जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत १९५४ च्या डिसेंबरात साधली. आता सुरतेत तसे हिरे भट्ट्यांतून सर्रास निघतात, आणि २०२३ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी जिल बायडन यांना साडेसात कॅरटचा असाच हिरा भेट दिला. दोन्हीकडं कार्बन तोच, रचना तीच, चमक तीच. फरक पडतो तो किमतीत, आणि कोणता कुठला हे ओळखायला मुरलेल्या पारख्यालाही भिंग पुरत नाही, यंत्र लागतं.

"खाणीतला आहे," मावसभाऊ म्हणाला.

"कशावरून?"

"सर्टिफिकेट आहे ना. हिऱ्याच्या कडेवर लेझरनं नंबरही कोरलाय."

"सर्टिफिकेट कोणी दिलं?"

"लॅबनं."

"आणि कारखान्यातला हिरा कुठं करतात म्हणालास?"

"...लॅबमध्ये."

मावशीनं माझ्याकडं बघितलं. तिनं पुढं काहीही म्हणायची गरज नव्हती.

साखरपुडा पुण्यात झाला. हॉलमध्ये त्या अंगठीची पाहणी करायला जी रांग लागली, ती जेवणाच्या पंक्तीला लागली नाही. प्रत्येकीनं नवरीचा हात हातात घेतला, खिडकीकडं वळवला, डोळे बारीक केले आणि एकच तांत्रिक प्रश्न विचारला, "केवढ्याला पडली?" आकडा ऐकल्यावर मग हिऱ्याकडं दुसऱ्यांदा पाहिलं जायचं आणि आता तो पूर्वीपेक्षा ठळक दिसायचा. एका काकूंना आकडा चुकून कमी ऐकू आला, तर त्यांना त्यात पिवळसर झाकही दिसली. नंतर कोणी तरी खरा आकडा सांगितला तेव्हा झाक गेली. डी, ई, एफच्या भानगडीत न पडता रंग ठरवण्याची ही पद्धत जीआयएनं अभ्यासायला हवी.

एवढं होऊनही मावशीचं समाधान झालं नव्हतं. मुलगा परत जायच्या आदल्या दिवशी ती त्याला, सुनेला आणि पिशवी धरायला म्हणून मला घेऊन आपल्या सराफाकडं गेली. विकायचं नव्हतंच. "नुसतं बघून तर घेऊ," एवढाच हेतू. चहा आला. सराफानं भिंग डोळ्याला लावलं, हिरा बरोबर इंचभर अंतरावर धरला आणि बराच वेळ बघितला. मी एवढा वेळ कोणाला हिऱ्याकडं बघताना पाहिलं नव्हतं. कागद वाचला. कडेवरचा नंबर जुळवला.

"अस्सल आहे, वहिनी. माल उत्तम निवडलाय पोरानं."

मावशीचा चेहरा खुलला. चाळीस वर्षांत त्यानं दुसऱ्याच्या मालाला उत्तम म्हटल्याची ही पहिली वेळ. त्या भरात तिनं विचारलं, "समजा, उद्या मोड घालायची म्हटली तर काय द्याल?"

सराफानं भिंग खाली ठेवलं. "सोन्याचे आजच्या भावानं देतो, घट तेवढी जाईल. हिऱ्याचं म्हणाल तर..." तो चाचरला. "निम्मे धरा. घरचे म्हणून."

"निम्मे? अहो, आत्ता उत्तम म्हणालात ना?"

"उत्तमच आहे. पण हिऱ्याची मोड अशीच असते, वहिनी. कोणाकडंही जा."

मावशीनं अंगठी उचलून सुनेच्या बोटात परत घातली. पोरानं न बघता घेतला तेव्हा हिऱ्याची किंमत पुरेपूर होती. सराफानं नीट बघितल्याबरोबर ती निम्मी झाली होती. तिनं चहाचा कप बशीवर ठेवला आणि त्याला विचारलं, "मग भाऊ, तुम्ही बघितलात कशाला?"